दोन, थांबून एक

सकाळी दहाला स्वरालीने, माझ्या नातीने, मला गाडीतून उतरवलं. ब्रिस्टलच्या बाहेरचं भंगार यार्ड, भुरभुर पाऊस, थर्मासमध्ये आल्याचा चहा. आज ह्यांचं विमान कापणार होते.

आमच्या ह्यांनी ते विमान हजारो वेळा उडवलं, जमिनीवरून बोटभरही न उचलता. हसू नका. एकोणीसशे साठच्या सुमारास लांब पल्ल्याचं नवं जेट बनत होतं, त्याचं नुसतं धड मोठ्या टाकीत ठेवलेलं. टाकी भरायची, आत पाणी दाबून भरायचं, आकाशात हवेचा दाब येतो तसा, मग सोडायचं. झाली एक फ्लाइट! चीर कुठे पडते ते बघायचं.

पाणी भरण्याआधी हे बाहेरून ठोकायचे. दोन, थांबून एक. आत फिटर राहिला असेल तर तोही तसंच ठोकणार. उत्तर आलं तर पाणी भरायचं नाही.

हे मार्चमध्ये गेले. आणि आता कापण्याआधी आत कुणी नाही म्हणून सही करायची स्वरालीने. ह्याच यार्डात पहिलीच नोकरी तिची.

"आज्जी, प्लीज, आज स्टोरी नको हं."

दोघी आत फिरून आलो. सीटा कधीच काढलेल्या. कोरडी धूळ, त्यात आमचेच ठसे. तिने दार लावून कडी घातली. यार्डातला कामगार डॅरन कटर घेऊन तयार.

"थांब रे बाबा, निरोप घेऊ दे," म्हणून मी पत्र्यावर ठोकलं. दोन. थांबून एक. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

आतून आलं. दोन. थांबून एक.

"आज्जी! व्हेरी फनी."

"हात बघ माझे."

तिने बघितले. डॅरननेही.

"तुझे आजोबा असतील," मी म्हटलं. खरं सांगते, मला तसंच हवं होतं.

तिने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. धुळीत आमचेच ठसे.

पण खिडक्या. सगळ्या वाफेने धूसर झालेल्या, आतून. पार शेवटपर्यंत, माणसं दाटीने बसल्यावर होतात तशा.

स्वरालीने फॉर्म घडी करून खिशात घातला. सही केली नाही. डॅरन वायर गुंडाळायला लागला.

गाडीत तिने हळूच विचारलं, "आजोबाच होते ना?"

"हो गं," मी म्हटलं.

आयुष्यभर मी गोष्टी फुगवून सांगत आले. ही तेवढी आखडती घेतली.

हे ठोकायचे ते बाहेरून. आत कधीच नसायचे.