कॅरिअरला हात

निलेशची सायकल हा वाडीत चेष्टेचा विषय होता. मुंबईची नोकरी सोडून गावी आला, कलमं लावली, इथवर ठीक. पण चाळिशी उलटल्यावर घट्ट चड्डी घालून दाभोळच्या बाजारात जायचं म्हणजे अतीच झालं. त्यात वाडीचा चढ एवढासाच, पण भिंतीसारखा उभा. दुसऱ्या वळणावर साहेब रोज उतरायचे आणि मुकाट सायकल ढकलत वर यायचे.

त्या दुपारी वडिलांचा, भिकाजींचा, दम्याचा पंप घेऊन तो पायथ्याशी पोचला, तोच बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? जुना पंप संपला. बाबांना बोलायलापण येत नाय."

"खालीच आहे. आलो, श्रद्धा."

पहिलं वळण त्याने जिवाच्या आकांताने मारलं. दुसऱ्यावर मांड्या भरून आल्या, पुढचं चाक डगमगलं. आता पाय टेकणार, तेवढ्यात सायकल हलकी झाली.

कोणीतरी मागून कॅरिअरला हात लावला होता. शेजारचा केरू असेल, काजूच्या बागेतून परतणारा.

"ढकल रे बाबा," निलेश कसाबसा म्हणाला.

रस्त्यावर सुकी पानं पसरली होती, ती फक्त चाकांखाली चुरचुरत होती. एवढा जोर लावणाऱ्याला धाप लागायला हवी. मागे श्वासाचा आवाजच नव्हता.

ऊन पाठीवर होतं. पुढे सावली पडली होती ती फक्त सायकलची आणि निलेशची.

तो जाम घाबरला. तरी थांबला नाही. थांबला असता तर बाबा हाती लागले नसते.

पहिल्या घराशी हात सुटला. सायकल तिथेच टाकून तो घरी धावला.

भिकाजींनी पंप ओढला, पुन्हा ओढला. हळूहळू छातीतली शिटी थांबली. श्रद्धा भिंतीला टेकून रडली, मग स्वतःलाच हसली. निलेशला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की घामाने ओल्या चड्डीतच तो चहाचा कप घेऊन बाबांपाशी बसला.

"चालवत आलास?" भिकाजींनी विचारलं. "त्या वळणावरनं?"

"हो, बाबा."

"मग चड्डी फुकट नाय गेली."

चहा पिऊन तो सायकल आणायला गेला. चढ खालपर्यंत रिकामा होता. भीती कुठल्या कुठे पळाली होती. कोणी का असेना, त्याने बाप वाचवला होता. निलेशने हात जोडले आणि निघताना कोणालाही म्हणावं तसं म्हणाला, "उपकार झाले. येतो हां."

तो वळला.

"कधी?" मागून कोणीतरी विचारलं.