नळाच्या वेळी गेलेली वही

“चहातबी कोळशाची धूळ,” प्रवीण रंजीताच्या कानाशी पुटपुटला.

रंजीता खासगी तपास करी. प्रवीण तिची गाडी चालवी आणि बाकी सगळं उशिरा समजून घेई.

समोर बसलेल्या साधना मॅडम समाजशास्त्राच्या. चंद्रपुरातल्या या खाणीलगतच्या वस्तीत दोन वर्षं भाड्याने राहून त्या कोलूच्या कोळसाचोर टोळीचा अभ्यास करत होत्या. वस्ती त्या टोळीच्या जिवावर कशी तगते, याचाही.

“सकाळी नळाच्या वेळी मी बाहेर होते. तेवढ्यात माझी टिपणांची वही गेली. कुलूप शाबूत आहे. तिच्यात खरी नावं आहेत. कोलूच्या हाती लागली, तर बोललेलं माणूस संपलं.”

दुसरी किल्ली घरमालकीण अंजनाबाईंच्या ओट्यावर, खिळ्याला. कुणीही घ्यावी.

नळाचा कॉक कोलूच्या माणसाकडे, श्रीहरीकडे. सकाळभर तो तिथून हलला नव्हता.

“वही? कोणती वही?” रंजीताचा प्रश्न ऐकून तो हसला. “आता मात्र पायजे. आजच.”

शेजारची सुलताना ब्लाऊज शिवत होती. “गढूळ पाणी आलं पहिले. दोन घागरी ओतून देल्या.”

“अंजनाबाई होत्या?”

“माझ्यापुढंच न. लाल पट्ट्याची घागर तिचीच.”

अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. “मी पहिलेपासून नळावर होती. पाणी कसं, काचेसारखं!”

“घरी कोण असतं?” प्रवीणने विचारलं.

“पोरगा, प्रफुल. हैदराबादले कामाले गेला म्हणतेत. तीन वर्षं झाले.”

रंजीताने साधना आणि सुलतानाला तिथेच बोलावलं, दार लोटलं.

“वही गेल्याचं श्रीहरीला माझ्याकडून कळलं. सुलतानाने गढूळ पाणी ओतलं, म्हणजे ती नळावर होती. तुमची फक्त घागर होती, बाई. घागर रांगेत, म्हणजे माणूस रांगेत, असा इथला रिवाज. तुम्ही पोचलात तोवर पाणी निवळलं होतं.”

“पण काऊन?” प्रवीणला कारण कळेना.

अंजनाबाईंनी तांदळाच्या डब्यातून वही काढली. “चौथी शिकली मी. सारी गल्ली या मॅडमसंग बोलली. माझ्यासंग प्रफुलचं कोणी नाई बोललं.”

साधनाने मान खाली घातली.

दार ढकललं गेलं. श्रीहरी.

“द्या.”

अंजनाबाईंनी वही पेटत्या शेगडीत कोंबली. साधनाचा हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला. पानं भडकली.

श्रीहरीने ती जळेपर्यंत पाहिली. “बरं झालं. म्हंजे कोणी काई बोललंच नाई.”

सुलताना उठली.

“मी बोलली. प्रफुल हैदराबादले नाई गेला, मौसी. कोलूनं मारला त्याले. मी पाह्यलं.”