पुठ्ठ्यातली पत्रके

माझे काम जुनी पुस्तके दुरुस्त करण्याचे. गेल्या मार्चमध्ये लाटंबार्सेच्या वाचनालयाने मला सहा खंडांसाठी बोलावले. जुन्या मासिकांचे वर्षवार बांधलेले खंड, वाळवीने पोखरलेले. पेडण्याहून सकाळच्या बसने निघायचे, डिचोलीत बस बदलायची आणि दहाला वाचनालयाच्या मागल्या खोलीत जाऊन बसायचे. पंखा विजेच्या मर्जीवर. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास दिवसभर येत राहायचा, आणि दर तासाला वाचनालय सांभाळणारे बाबलीकाका दारात येऊन विचारायचे, "झाला गो बाय?"

सत्तरी ओलांडलेला माणूस, म्हणून मी काही बोलत नसे. पण झाले नव्हते.

सहाही खंड एकाच बाइंडरने बांधलेले. प्रत्येकाच्या आतल्या पानावर त्याचा शिक्का आणि साल, १९७८. तेव्हाचे बाइंडर पुठ्ठा विकत आणत नसत. छापखान्यात उरलेले कागद एकावर एक चिकटवून, दाबून, वाळवून स्वतःच पुठ्ठा करत. असा पुठ्ठा पाण्यात भिजवला की थर सुटतात. माझे सुटत नव्हते. सोडवायला जावे तर लगदा हातात येई. जत्रेची जाहिरात, नाटकाची जाहिरात, अर्धी अर्धी, सगळी फाटकी. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी चिडून मी पहिला पुठ्ठा परातीत तसाच टाकला आणि चहाला गेले. परत आले तर एक कागद आपणहून सुटून वर तरंगत होता. सबंध. कुठे चीरसुद्धा नाही.

"हरवला आहे. नाव कृष्णनाथ, वय ११. रंग सावळा. अंगात पांढरा सदरा. सुर्ल्याहून ट्रकात बसून गेला. पत्ता लागल्यास वाचनालयात कळवावे. दुःखी आई, गंगा."

'हरवला'मधल्या 'ह'चा छपाईचा खिळा तुटका होता. त्याची शेपटीच उमटलेली नव्हती.

बाबलीकाका दारात आले, कागद बघून खुर्चीवर बसले.

"ह्यो माझो धाकटो भाव," ते म्हणाले. "अडुसष्ट साली गेलो. आवशीन छापून घेतलेली ही. दर वर्सा, वय बदलून."

दुसऱ्या खंडात वय १४ निघाले. तिसऱ्यात २०. तोच तुटका 'ह'. हिशेब बरोबर होता: उरलेली पत्रके छापखान्याने बाइंडरला दिली असणार. मला फक्त वाईट वाटले.

चौथ्या खंडातून निघाले, वय ३१.

"छापायची चूक," मी म्हटले. "एकवीस हवं होतं."

बाबलीकाकांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवले. पण चूक कसली? खंड अठ्ठ्याहत्तरचा, तेव्हा कृष्णनाथ एकवीसचा असता हे खरे, पण खाली लिहिले होते, "कपाळावरचे केस विरळ झाले आहेत."

ही पत्रके जिथे छापली त्या डिचोलीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे रामचंद्र मी शोधून काढले, त्यांना फोन केला. ते वैतागले. "छापखाना एक्याऐंशीत बंद झाला. खिळे वितळवायला दिले, मी स्वतः पोती भरली. कसलं पत्रक नि कसलं काय!" फोन ठेवून दिला. मी पेडण्यातल्या ओळखीच्या, जुन्या कागदांच्या एका जाणकाराला कागद दाखवला. तो म्हणाला, कागद जुना आहे. शाई? शाईही जुनी. मग? मग काय, मला कसे ठाऊक. कुठे विचारावे तिथे भिंत.

पाचव्यात वय ४८. सहाव्यात ६७. यंदा तो सदुसष्टचाच असता.

"केस पूर्ण पिकलेले. डाव्या डोळ्याने कमी दिसते. जिना चढताना कठडा धरतो. दुःखी आई, गंगा."

बाबलीकाकांनी ते तीनदा वाचले. मग ओला कागद त्यांनी टेबलावर आपटला. त्यांना तसे मी कधी पाहिले नव्हते.

"तिका दिसता तो! अडतीस वर्सां झाली तिका मरून... तिका कठडो दिसता, डोळो दिसता. नि माका एक पत्तो लिवक येणा नाय तिका?" त्यांचा आवाज खाली आला. "बाय... मियाच तेका ट्रकात चढवलंय. बंदर बघून ये म्हटलंय. आवशीक मिया कधी सांगूक नाय."

खोलीत पंखा बंद होता. तरी वाळत घातलेले सहाही कागद हलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मजकूर डिचोलीत संगणकावर छापून घेतला, खाली स्वतःचे नाव आणि मोबाइल नंबर घातला. डिचोली स्टँड, सुर्ला, म्हापसा इथे आम्ही दोघांनी हिंडून कागद लावले. वास्कोच्या बंदरापर्यंत काही गेलो नाही. उन्हात त्यांचे पाय सुजले. मग फोन सुरू झाले. कुणी कर्ज हवे का विचारी, कुणी नुसते हसून ठेवून देई, एकाने तर बक्षीस किती म्हणून घासाघीस केली. आठ दिवसांत बाबलीकाकांचा चेहरा उतरला. "उगाच केलंय," ते पुन्हा पुन्हा म्हणत.

शेवटच्या खंडाला मी कापड चढवत होते, दुपारी साडेतीनच्या सुमारास, तेव्हा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा ठेवलेला.

"बाबलीकाका काय? मी सुमंगला. डिचोली माहेर माझं, दिलंय वास्कोक. तुमचा कागद काल डिचोली स्टँडार बघितला. आमच्याकडे पण लागतात ना हे! फक्त त्यावर नंबर नसतो, म्हणून इतकी वर्षं कळवता आलं नाही."

"वास्कोत कोण लावता?"

"एक म्हातारी. दरवर्षी येते. बोलत नाही कोणाशी. मी लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून बघते."

बाबलीकाकांनी माझा हात धरला.

"कशी दिसता?"

"कशी म्हणजे... म्हातारी. पण यंदा एकटी नव्हती हो काका. आज सकाळीच आली. बरोबर एक म्हातारा होता, जिन्याचा कठडा धरत आलेला. तो कागद धरून उभा, नि ती चिकटवत होती."



"हॅलो... काका? मी इथे वास्को स्टँडारच आहे. यंदाचा कागद अजून बघितला नाही मी. जरा थांबा, आता कुणाचं नाव आहे ते वाचून सांगते."

"नको," बाबलीकाका म्हणाले. "नको गो..."

त्यांनी घाईघाईने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर दोन्ही तळहात दाबून धरले. हातांखालून तिचा वाचण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

पत्रक चार ओळींचे असते. ती मात्र संध्याकाळपर्यंत वाचत होती.