लख्ख पुसलेली साक्ष

हिमवाचनाचा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. घरच्या फ्रीजमधला बर्फ आता कोर्टात पुरावा म्हणून चालत होता. कीटकनाशकाच्या कारखान्याला हा कायदा तोंडपाठ होता. कुंपणाला लागून असलेल्या वसाहतीतल्या बायकांना मात्र तो कुणी सांगितला नव्हता.

कोर्टाचे हिमवाचक डॉ. मुकादम यांनी वत्सला घाडीगावकरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उघडला आणि आतल्या कोरड्या पत्र्यावर बोट फिरवलं.

"बर्फ कुठाय?"

"काल डीफ्रॉस्ट केला," वत्सला कौतुकाने सांगू लागली. "चांगला चार बोटं साचला होता. सुरी नाही हो लावली, नळी फुटते. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं, मग सोड्याच्या पाण्यानं पुसून काढला. कोर्टाची माणसं घरी येणार, आणि फ्रीज तसाच ठेवायचा?"

आतल्या खोलीत वत्सलाची मुलगी शर्वरी खोकत होती. सहा वर्षांची पोर, खोकला म्हातारीचा. विषारी वायू सुटतो हे वसाहतीच्या दाव्यात सिद्ध झालं तरच कारखाना बंद होणार होता, आणि कारखाना म्हणत होता, वायू सुटतच नाही!

"ताई, दार उघडलं की घरातली दमट हवा आत शिरते," डॉक्टर म्हणाले. "तिच्यातली वाफ गोठते आणि हवेत जे असेल ते तिच्याबरोबर अडकतं. रोजचा एक पापुद्रा. ते पापुद्रे सुटे करून तपासायचे, हेच हिमवाचन. तुमच्या चार बोटांत आठ महिन्यांची हवा होती."

"मग येणार म्हणून पत्र धाडलंत, त्यात हे लिहिलं का नाही?"

"लिहायला बंदी आहे. लोक बर्फात भेसळ करतील म्हणे. अधिकारी भेट देणार, एवढंच आठ दिवस आधी कळवायचं. कारखानदारांच्या वकिलांनीच ते कलम घालून घेतलं."

वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे पाहुणा येणार म्हटल्यावर बायका काय करतात, हे त्या मेल्यांना ठाऊक होतं!"

"सकाळपासून एकतीस घरं पाहिली," डॉक्टर हळूच म्हणाले. "सगळे फ्रीज लख्ख."

"आता पुढे?"

"सहा महिन्यांचा नवा बर्फ लागेल. बंद घरातला चालत नाही. घरात माणसं राहती हवीत."

"विष आहे हे दाखवायला आम्ही ते आणखी सहा महिने ओढायचं?"

"कायदा तसा आहे."

"चुलीत घाला तुमचा कायदा!"

डॉक्टरांनी उघडा कप्पा हलकेच लावून घेतला. त्यांना राग यायला हवा होता. आली ती नुसती लाज.

दुपारच्या गाडीने वत्सलाचा भाऊ शर्वरीला आजोळी घेऊन गेला. तिला गाडीत बसवून वत्सला परतली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली.

"ऐका गं सगळ्या! दिवाळी येवो नाहीतर साक्षात देव येवो, सहा महिने कुणी फ्रीज पुसलात तर याद राखा!"

घरात शिरून तिनं फ्रीजचं बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. दार उघडलं, तोंड कप्प्याशी नेलं आणि छातीतला सगळा श्वास आत सोडला.

"घे," ती म्हणाली. "आता नीट लिहून घे."