पलंगाची रात्रपाळी

खोली मिळाली नाही ना आजही? बसा. दिवसभर लोकांचे जिने चढून पाय भरून आले असतील. एकानं लग्न झालं नाही म्हणून नाकारलं असेल, दुसऱ्यानं झालंय म्हणून. हे चालायचंच. पण मघाशी तुमच्यातली धाकटी म्हणाली, एक खोली फार स्वस्तात मिळतेय आणि का ते दलाल सांगत नाही. म्हणून आज बोलतोय, नाहीतर हा विषय मी काढत नाही. आणि ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या हाताखाली कामाला होता, आणि त्या रात्री त्याला घरी जा म्हणणारा मीच होतो.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी रात्रभर धुवायच्या, वाफेच्या रोलरमधून काढायच्या, घड्या घालून पहाटेच्या गाडीत चढवायच्या. मी रात्रपाळीचा सुपरवायझर. तो घड्यांच्या टेबलावर. सगळे त्याला घडीवालाच म्हणायचे. चादर एकदा झटकली की चारी टोकं एकावर एक. शिवाय कुठल्याही घडीकडे बघून सांगायचा, ही कोणाच्या हातची, घाईची की निवांत. आम्ही पैजा लावायचो आणि हरायचो.

बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी त्यानं मेव्हण्याकडे ठेवली होती. दुसऱ्याचं घर ते, किती दिवस गोड लागणार? मेव्हण्याची बायको तोंडानं काही बोलायची नाही, नुसती भांडी आपटायची. बायको फोनवर एकच विचारायची, "बघितली का कुठे?" मागून मुलगी ओरडायची, "बाबा, आपलं घर कुठंय?" पोरीच्या या प्रश्नानं तो फार खचायचा.

खोल्या त्यानं थोड्या नाही बघितल्या. कोणाला रात्रपाळीवाला नको, कोणाला लहान मूल नको, आणि दोन्ही चालतं म्हणणाऱ्याचं डिपॉझिट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खोलीसाठी पैसे साठवायचे तर तोवर स्वतःला कुठेतरी पडायला हवं. शेवटी एका म्हातारीनं, सगळे तिला मावशी म्हणायचे, तिसऱ्या मजल्यावरची, बोळाच्या टोकाची खोली दाखवली. म्हणजे खोली नव्हे, पलंग. आणि तोही अर्धाच.

"संध्याकाळी आठ ते सकाळी सहा पलंग दुसऱ्याचा," मावशी म्हणाल्या. "तू रात्री कामाला जातोस ना? मग दिवसा तुझा. पण मधल्या वेळात पाऊल टाकायचं नाही. सुट्टी असो, आजारपण असो. एवढंच पाळायचं."

पाळीवाल्या माणसांना यात नवं काही नसतं. आमच्यातल्या निम्म्यांनी असे पलंग वाटून घेतलेले. रिवाजच आहे तो. एक उठला की दुसरा पडतो, चादर ज्याची त्याची, ब्लँकेट दोघांत एक. वर्षवर्ष तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही. विचारलं की भांडण तरी होतं, नाहीतर उसनवारी तरी. यानंही विचारलं नाही. अडला हरी, त्यात भाडं एवढं कमी, की कारण विचारायची त्याची छातीच झाली नाही.

पहिल्या सकाळी त्यानं ब्लँकेट बघितलं आणि खूश झाला. कामावर येऊन मला सांगितलं, "साहेब, माझा रात्रीचा जोडीदार आपल्याच धंद्यातला असावा. काय घडी घालतो! आणि डावखुरा आहे. शेवटचं टोक डाव्या बाजूनं आत खोचलेलं असतं. उजव्या हाताच्या माणसाला तसं जमतच नाही."

पलंगाच्या पायथ्याशी पाण्याची बाटलीही भरलेली असायची. एवढी आठवण कोण ठेवतं हल्ली? यानंही माणुसकी दाखवली. उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला. सकाळी पुडा तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच, आठवडाभर तसाच. हा म्हणाला, पथ्य असेल बिचाऱ्याला. गादी रोज गार लागायची. हा म्हणाला, लवकर उठून जात असेल.

तीन महिने असे गेले. सुट्टीच्या रात्री तो लाँड्रीतच मळक्या चादरींच्या गाठोड्यावर पडायचा. मावशींचा शब्द त्यानं एकदाही मोडला नाही.

मग जानेवारीतला तिसरा शनिवार आला. थंडी मी म्हणत होती. रात्री दीड वाजता बॉयलर बंद पडला. वाफ नाही तर काम नाही, मी सगळ्यांना सोडलं. हा टेबलाला धरून उभा. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, "घरी जा आणि पांघरूण घेऊन झोप." तो म्हणाला, "साहेब, आत्ता पलंग माझा नाही." मी हसलो. म्हटलं, "अरे, माणूसच आहे ना तो? जरा सरकेल." मला काय माहीत? ते वाक्य मला अजून टोचतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. मावशींच्या दाराखाली उजेड नव्हता. बोळाच्या टोकाला त्यानं आपल्याच दारावर हळूच टकटक केलं. उत्तर नाही. किल्लीनं दार उघडलं, आत शिरला, सवयीनं कडी लावली. दिवा लावला नाही. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दिवा कशाला?

खिडकीतून रस्त्याचा थोडा उजेड येत होता. पलंगावर कोणीतरी होतं. भिंतीकडे तोंड, डोक्यावरून ब्लँकेट.

"दादा," हा कुजबुजला, "माफ करा हं. ताप आलाय फार. जरा सरकता का?"

क्षणभर काहीच नाही. मग पलंग करकरला. ते अंग भिंतीकडे सरकलं. या बाजूला माणूसभर जागा झाली.

याला भरूनच आलं. एवढ्या मोठ्या शहरात न भांडता सरकून जागा देणारा हा पहिलाच. तो पाठीला पाठ लावून पडला. तापात माणूस बडबडतो, आणि पाहुणचार तर आपल्या जिभेवर बसलेला. तो म्हणाला, "दादा, पाणी भरून ठेवता, घडी घालून ठेवता, तुमचे उपकार आहेत. आता एक खोली जमेलसं दिसतंय. गावाबाहेर आहे, पण पूर्ण आपली. बायको-पोरीला आणतो. मग तुम्हीही या. अगदी नक्की या. आपलंच घर समजा."

बोलून झालं.

मग पाठीमागून आवाज आला.

"हं."

एवढंच. हा हसला, डोळे मिटले. आणि मग त्याच्या ध्यानात आलं... पाठीला गारवा लागत होता. त्याचं अंग तापानं फणफणलेलं, ब्लँकेट दोघांवर, आणि पाठ गारठत चाललेली. ओल्या चादरींच्या ढिगाला टेकल्यासारखी.

त्यानं कान दिला.

श्वास ऐकू येत होता. एकाचाच.

त्यानं आपला श्वास रोखला...

खोलीत काही म्हणजे काही ऐकू येईना.

एक... दोन... तीन... छाती फुटायला आली. त्यानं श्वास सोडला. तोच एक आवाज. त्याचा स्वतःचा.

उठावं म्हटलं तर पाय हलेनात. वळून बघावं... नाही. वळायचं नाही. तो दाराच्या कडीकडे बघत पडून राहिला. कडी आतून लागलेली. गारवा पाठीला तसाच. न हलता. न सरकता. तीन वाजले. चार. पाच...

सहाला खिडकी पांढरी झाली. पलंग एकदा करकरला. पाठीचा गारवा गेला. याच्या अंगावर ब्लँकेट नव्हतं. ते पायथ्याशी होतं, घडी घालून. बाटली काठोकाठ भरलेली. कडी तशीच, आतून.

बोळातून धावत जाऊन त्यानं मावशींचं दार बडवलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

"रात्री आलास ना? सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन. इस्पितळात चादरी बदलायचं काम करायचा. दिवसा काम, रात्री इथे. झोपेतच गेला. कोणी न्यायला आलं नाही. बायको-मुलांना आणीन, खोली बघतोय, एवढंच म्हणायचा. त्याच्या जागी मी दुसरा ठेवला नाही रे. ठेवला असता तरी टिकला नसता. तुला काही त्रास दिला का त्यानं?"

"नाही," हा म्हणाला.

"मग?"

आणि खरं सांगू का, त्यानंतरही तो बारा दिवस त्याच पलंगावर झोपला. हसू नका. फुटपाथवर एकदा झोपून बघा, मग भुताचं भय सांगा. पण संध्याकाळी पाच वाजताच तो बाहेर पडायचा आणि घड्यांकडे बघायचा नाही.

तेराव्या दिवशी खोली मिळाली. गावाबाहेर, पत्र्याचं छप्पर, आत एक पलंग, पण दाराला आपलं कुलूप. पुढच्या आठवड्यात बायको-पोरगी आली. पोरीनं चारही भिंतींना हात लावून विचारलं, "ही पण आपली? ही पण?" त्यानं कामावर पेढे वाटल्यासारखं तोंड करून हे मला सांगितलं. त्याला असा आनंदात मी त्याआधी बघितलाच नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला तो पाळी संपवून घरी गेला. बायको चहा टाकत होती. पोरगी खाली अंथरुणावर झोपलेली.

"अहो," बायको म्हणाली, "परत कुठे गेला होतात?"

"परत म्हणजे?"

"रात्री लवकर सुटलात ना? दोनच्या सुमाराला जाग आली तर पलंगावर झोपलेले, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, जेवलात का? तर नुसतं 'हं'. माझ्याशी दोन शब्द बोलायला काय होतं हो तुम्हाला?"

त्यानं पलंगाकडे बघितलं...

पलंगावर ब्लँकेट होतं. व्यवस्थित घडी घातलेलं.

"ही घडी तू घातलीस?"

"मी कशाला घालू? तुम्हीच घालून गेलात ना."

आता तुम्ही विचाराल, मग खोली सोडली का? सोडून जाणार कुठे, बाळांनो? अकरा महिन्यांचा करार, पोरीची शाळा, आणि त्याला आपणच बोलावलेलं. आपलंच घर समजा म्हणालेलो, आता नाही कसं म्हणायचं, हे तो मला म्हणाला. पुढे रात्रपाळी सोडता येईल का म्हणून विचारायला आला होता, पण दिवसाच्या पाळीत जागा नव्हती.

मी गेलो होतो एकदा, गेल्या वर्षी. भर दुपारी. पोरगी आता मोठी झालीय. ती तिघं खाली झोपतात, पलंग रिकामाच ठेवतात. चहा घेताना माझं लक्ष गेलं. पायथ्याशी ब्लँकेट होतं. बाजूला पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली.

मी सव्वीस वर्षं घड्या तपासल्यात.

टोक डाव्या बाजूनं आत खोचलेलं होतं.