केशरी खाऊ

“साळुंकी पुन्हा ओकली! पळा!”

चष्मिसची आरोळी ऐकून फटाकडी आणि तिचा धाकटा भाऊ पिटुकला पिंजऱ्याकडे धावले. सुट्टीत ही तिन्ही भावंडं आत्याकडे आली होती. आत्या पक्ष्यांची डॉक्टर. पंख मोडलेली साळुंकी तिच्या दवाखान्यामागे बरी होत होती.

काल ती पहिल्यांदा ओकली, तेव्हा फटाकडीनं सगळ्यांसमोर दवाखान्याच्या माळीकाकांकडे बोट दाखवलं होतं. “यांनीच विष घातलं! फवारणीचा डबा यांच्याच हातात होता!” आत्यानंही शहानिशा न करता त्यांच्याकडून पिंजऱ्याची किल्ली काढून घेतली होती.

“पण आज काका आलेच नाहीत!” चष्मिस पिंजऱ्यात डोकावला. “हे काय? केशरी पंख! काळी किनार, पांढरे ठिपके...”

“ताईनं जाळीतून दिलेलं फुलपाखरू!” पिटुकला बोलून गेला. “कालही दिलं होतं. ताई एका झेपेत पकडते!”

फटाकडी चाचरली. “ते... ते पळतच नाही रे. आरामात उडतं.”

“एवढं भडक, आणि तरी कुणाला भीत नाही?” चष्मिसचे डोळे चमकले.

दुपारी साळुंकी सावरली. पोरांनी आत्याला ओढतच आणलं. फटाकडीनं नाकतोडा दिला. गट्टम! मग तसलंच केशरी फुलपाखरू जाळीबाहेरून नुसतं दाखवलं. साळुंकी टुणकन मागे सरली आणि चोच दांडीला घासू लागली!

“अरे देवा!” आत्या म्हणाली. “याच्या अळ्या विषारी चिकाची पानं खातात. ते विष फुलपाखराच्या अंगातही उरतं. भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच! मला ठाऊक असून मी तपासलं नाही. शाब्बास, पोरांनो!”

“शाब्बास नको म्हणूस, आत्या,” फटाकडी पुटपुटली. “विष मीच घातलं.”

संध्याकाळी सगळे माळीकाकांच्या घरी गेले, तेव्हा दारात शेजारी गप्पा मारत बसले होते. चष्मिस कुजबुजला, “आत जाऊन हळूच सांग.”

“काल मी हळूच बोलले होते का?” फटाकडी पुढे झाली आणि मोठ्यानं म्हणाली, “काका, तुम्ही काहीच केलं नव्हतं! मी दिलेलं विषारी फुलपाखरू खाऊन साळुंकी ओकली. चूक माझी होती!”

“माझीही,” आत्यानं किल्ली पुढे केली.

काकांनी ती लगेच घेतली नाही. “काल फार लागलं, पोरी.” मग किल्ली खिशात टाकत म्हणाले, “पण शोध पक्का लावलास हो! स्वतःलाच पकडणारी गुप्तहेर मी पहिल्यांदाच पाहिली!”

सगळे हसले. फटाकडीलाही हसायचं होतं, पण मान काही वर होईना.