आजोबांनी तीन बिस्किटं का खाल्ली?

“ताई, बाजरीचं पीठ जुनं झालंय. जवसाचं कूटही. आज बिस्किटं नकोत.”

नकटोबानं हे सांगितलं आणि मी त्याचा आवाज बंद केला. नकटोबा आमच्या स्वयंपाकघरातला यंत्रमानव. नाकाच्या जागी दोन भोकं, आत वासाचे संवेदक (हवेतले कण ओळखणारे भाग). तो दिवसभर कशाची ना कशाची सूचना देतच असतो. काळजी करायला घरात मी एकटी पुरेशी होते.

शिवाय माझ्या लेकीला, जुईला घाई होती. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे पेंढारकर आजोबा दिवाळीपासून वाळत चालले होते. ‘भूकच नाही गं’ म्हणून ताट बाजूला सारायचे. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

“मैदा नाही, साखर नाही. माझी बिस्किटं तरी खातीलच,” जुई म्हणाली. पीठ, कूट, गूळ, तूप तिनंच मळलं. वेलदोड्याची पूड इतकी घातली, की दुसरा कसलाच वास जाणवेना. मी फक्त ओव्हन लावला.

आजोबा आले. जुईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच काढला. “ई! रंगाच्या डब्यासारखं लागतंय!”

मी चाखलं. खवट.

आजोबांचं मात्र तिसरं चालू होतं. “पोरीनं केलीत, खायलाच हवीत. खवट कुठे? गोड आहेत की.”

“पण खवट होतं म्हणजे काय होतं, आजोबा?” जुईनं विचारलं.

आजोबांचा जन्म तेलांच्या प्रयोगशाळेत गेलेला. ते सरसावून बसले. “बाजरीचा दाणा म्हणजे बंद डबी. आत अंकुर (ज्यातून रोप फुटतं तो भाग), त्यात तेल. दाणा दळला की?”

“डबी फुटली!”

“आणि तेल हवेला लागलं. हवेतला ऑक्सिजन तेलाचे मोठे रेणू तोडतो. हे ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी संयोग होऊन पदार्थ बदलणं). तुकडे इतके हलके, की उडून थेट नाकात. तोच खवट वास. जवसात तेल भरपूर, म्हणून कूट आणखी लवकर जातं.”

“मग मैदा का टिकतो?”

“त्यातला अंकुर आधीच काढलेला. तेलच जवळजवळ नाही, तर खवट काय होणार? पौष्टिक पिठाचे एवढे लाड करायचे: थोडं दळायचं, गार जागी ठेवायचं, लवकर संपवायचं.”

एवढं सांगून त्यांनी चौथं बिस्किट उचललं. जुईनं त्यांचा हात धरला.

“आजोबा, ते तुकडे तुमच्या नाकात का नाही गेले?”

आजोबांनी हातातलं बिस्किट हुंगून पाहिलं. मी नकटोबाचा आवाज चालू केला.

“चाचणी करू या,” तो म्हणाला. “आजोबा, डोळे मिटा.”

जुईनं नाकाशी लवंग धरली. आजोबा डोळे मिटून वाटच बघत होते. मग तिनं हिंगाची उघडी डबी धरली.

“अगं, धर की लवकर,” आजोबा म्हणाले.

कुणी हसलं नाही.

“जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा थोड्याच चवी ओळखते,” नकटोबा सांगू लागला. “बाकीचा स्वाद म्हणजे वास. घास चावताना तो घशामागून नाकात चढतो. आजोबांना फक्त गूळ पोचला.”

“दिवाळीत ताप आला होता, तेव्हापासून सगळं बेचव लागतंय,” आजोबा सावकाश म्हणाले. “मला वाटलं, वयानं चव गेली.”

म्हणून भूक नव्हती. आणि माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं स्वयंपाकघर आलं. नासलेलं दूध. उघडा राहिलेला गॅस. कळणार कशानं?

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वासाच्या पेशी नव्यानं तयार होऊ शकतात. रोज ठरावीक वास घेण्याचा सराव केला, तर बऱ्याच जणांना फायदा होतो, सगळ्यांना नाही. नकटोबा आता सकाळ-संध्याकाळ वर जातो, दूध आणि गॅस हुंगून येतो. जुई लवंग नेते. परवा आजोबा डोळे मिटून म्हणाले, “दातांचा दवाखाना!” जुई ओरडत जिना उतरली. लवंगेचाच तर तो वास.

बाजरी आम्ही आता थोडीथोडी दळून आणतो.

तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं का? ताट सारतं का? आज एक लवंग घेऊन जा. डोळे मिटायला सांगा आणि विचारा, कसला वास येतोय?